नळी क्रमांक तीन

कोथरूडच्या एका खानावळीच्या भिंतीवर, डबा पोचवणाऱ्यांच्या आणि संगणक शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातींच्या गर्दीत, ती चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर इतकं सुबक की आधी मला ते छापील वाटलं. "खोली भाड्याने देणे आहे. अविवाहित, निर्व्यसनी तरुणास. नाक शाबूत असावे. विडी-सिगारेटवाल्यांनी, तपकीर ओढणाऱ्यांनी व वारंवार सर्दी होणाऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. वेळ सकाळी नऊ ते साडेनऊ. नंतर दार उघडले जाणार नाही."

मी अकोल्याहून नुकताच पुण्यात आलो होतो. हिंजवडीत नोकरी लागली होती आणि एका मित्राच्या खोलीत पाच जणांमध्ये सहावा म्हणून आडवा होत होतो. खोली शोधताना माझी जात विचारून झाली होती, पाहुणे किती येतात ते विचारून झालं होतं, एका बाईंनी तर मी घोरतो का ते विचारलं होतं. नाकाची चौकशी आजवर कुणीच केली नव्हती. आमच्या घराण्यात नाक ही एकच गोष्ट भरपूर आहे, त्यामुळे मी बऱ्याच आशेने गेलो.

दार उघडलं ते एका उंच, वाळक्या, म्हाताऱ्या गृहस्थांनी. पायजमा, त्यावर अॅसिडने जागोजागी भोकं पडलेला पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात काडेपेटी. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ नाकाकडे पाहिलं.

"सर्दी?"

"नाही."

"शेवटची कधी झाली?"

"बारावीच्या परीक्षेत."

"या."

आत टेबलावर लाकडी स्टँडमध्ये तीन परीक्षानळ्या बूच लावून उभ्या होत्या. "एकेक उघडायची. नळी नाकाला लावायची नाही, हाताने वारा नाकाकडे घ्यायचा. काय येतं ते सांगायचं," ते म्हणाले आणि वही उघडून बसले. खोलीचं भाडं, पाण्याची वेळ, चपला कुठे काढायच्या, यातलं एक अक्षर नाही.

पहिल्या नळीचं बूच काढताच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. घाबरून तोंडातून घरची बोली निघाली. "आमच्या कॉलेजच्या मुतारीत यायचा ना, तसला वास येऊन राहिला."

"अमोनिया. वर्णन असभ्य, पण अचूक. पुढची."

"कुजलेल्या अंड्यांसारखा."

"अंडी खाता?"

"नाही."

"मग कुजलेलं अंडं हुंगायला कुठे गेला होतात? पुस्तकात लिहिलंय ते मला सांगू नका, पुस्तक मी चाळीस वर्षं शिकवलंय. तुम्हाला काय आठवलं ते सांगा."

"आमच्या घरामागची नाली."

"हां. हायड्रोजन सल्फाइड. तिसरी."

तिसऱ्या नळीत मला काही सापडेना. पुन्हा वारा घेतला. पुन्हा काही नाही. ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते. "थोडा गोडसर वाटत नाही? पेढ्यासारखा?" त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं. मला त्या खोलीची इतकी गरज होती की मी पेढेच काय, आख्खी मिठाई कबूल केली असती. पण का कोण जाणे, जीभ वळली नाही.

"नाही सर. काहीच नाही."

त्यांनी वही मिटली. "नळी रिकामी आहे. तुमच्या आधी अकरा जण येऊन गेले. एकाला यात गुलाबाचा वास आला, एकाला क्लोरीनचा. एक जण म्हणाला, सर, तुम्ही म्हणाल तो. काहीच नाही, हे सांगायला छाती लागते. सामान कधी आणता?"

अशा रीतीने मी सरांचा भाडेकरू झालो. सगळी सोसायटी त्यांना सरच म्हणायची. शहरातल्या एका जुन्या शाळेतून रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि शाळेने निरोप दिला तरी विषयाने दिला नव्हता. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी अकोला. "अकोला, तुमची पत्रं आलीत." "अकोला, अंघोळीला किती वेळ?" अख्खं शहर एकट्याच्या अंगावर वागवायची मला हळूहळू सवय झाली.

"काय काम करता तिकडे?" त्यांनी पहिल्या संध्याकाळी विचारलं होतं.

"टेस्टिंग."

"कशाचं?"

"सॉफ्टवेअरचं."

"त्याला रंग असतो? वास?"

"नाही."

"मग ओळखता कशावरून?"

"चालवून बघतो. काय झालं ते लिहितो. मग बिघाड कुठे आहे ते सांगतो."

"म्हणजे कृती, निरीक्षण, अनुमान," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हिंजवडीचा प्रश्न तिथे सुटला. त्यानंतर कंपनी, बस, प्रोजेक्ट यांबद्दल त्यांनी पुन्हा कधी चौकशी केली नाही.

कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगाच्या वहीतले हे तीन रकाने सरांनी संसाराला लावले होते. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं की सर म्हणत, "हे अनुमान झालं. निरीक्षण काय?" बिचारी जुडी उलटीपालटी करून दाखवायची. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, पाण्याच्या टाकीला वास मारतोय अशी तक्रार आहे. सर उभे राहिले. "वास ही तक्रारच असते, पुरावा नव्हे. नाक सांगतं, काडी सिद्ध करते. टाकीचं पाणी बाटलीत भरून माझ्याकडे पाठवा आणि पुढचा विषय घ्या."

त्यांची प्रयोगशाळा मागच्या बाल्कनीत होती. लोणच्याच्या बरण्यांत रसायनं, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर कवटीचं चित्र. साखरेच्या डब्यावरही त्यांनी कवटी काढली होती, कारण मी चहात तीन चमचे घालायचो. देवासमोरची उदबत्ती अर्धी झाली की ते ती बाल्कनीत नेत आणि राख झटकून तिचा निखारा ऑक्सिजनच्या नळीत सरकवत. निखारा फर्रकन पेटला की "आहे" म्हणत आणि उरलेली उदबत्ती पुन्हा देवासमोर आणून लावत. देवाचं काही म्हणणं नव्हतं.

चुन्याच्या निवळीसाठी लागणारा चुना ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून आणत. पानवाल्याला वर्षानुवर्षं एकच दुःख. एकदा त्याने मला गाठून विचारलंच, "ते सर रोज चुना नेतात, तंबाखू कधीच नाही. तंबाखू दुसरीकडून घेतात का हो?" मी त्याला कार्बन डायऑक्साइड समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे दुसरीकडूनच घेतात."

उदारीकरणावर सरांचं मत एकाच प्रयोगावर उभं होतं. मी यायच्या कितीतरी आधी सेक्रेटरींच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना परदेशी कंपनीचं काळं शीतपेय वाटलं गेलं. तेव्हा त्याचं मोठं अप्रूप होतं, लोक दोन दोन बाटल्या घेत होते. सरांनी कोटाच्या खिशातून निवळीची छोटी बाटली काढली, दुसऱ्या खिशातून रबरी नळी, आणि वधूवरांच्या समोरच्या रांगेत बसून पेयाचे बुडबुडे निवळीत सोडले. निवळी दुधासारखी पांढरी झाली. त्यांनी ती वर धरून आजूबाजूला दाखवली. "इतक्या वर्षांनी दारं उघडली, आणि आत काय आलं? आपण सगळे सकाळपासून फुकट बाहेर सोडतोय तेच." वरपक्षाला वाटलं, हा काही पुणेरी विधी असावा. नवरदेवाने हात जोडले.

लोक हसत, मीही हसायचो. पण एकदा हसू घशातच अडकलं. आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जुनी विहीर होती, कित्येक वर्षं वरून फरशी घालून बंद केलेली. कोथरूडच्या मूळ गावातल्या एका शेतकऱ्याची ती जागा. आता तिथे इमारत उठणार होती आणि गाळ काढायला दोन मजूर दोर बांधून उतरायच्या बेतात होते. सर कंदील घेऊन तिथे गेले आणि सरळ विहिरीच्या काठावर पाय सोडून बसले.

"आधी दिवा उतरेल," ते म्हणाले.

मालक वैतागला. "अहो सर, ही इहीर माझ्या आज्यानं खांदलेली हाय. ल्हानपणापासनं उड्या मारल्यात हिच्यात. काय व्हत न्हाय."

"तेव्हा ती उघडी होती. दिवा उतरेल."

दोराला बांधलेला कंदील खाली गेला. दोन पुरुष खोलीवर ज्योत लहान झाली, मग निळसर झाली आणि फुंकर मारल्यासारखी गेली. वर ओढून पुन्हा पेटवून पुन्हा सोडला. तिथेच गेला. मजुरांनी कमरेचे दोर सोडले.

"कृती, कंदील सोडला," सर मजुरांकडे बघत म्हणाले. "निरीक्षण, विझला. अनुमान, तुम्ही दोघे मेला असता."

मग दोन दिवस पंखा लावून हवा खेळवली, दिवा तळाशी जळत राहिला तेव्हा माणसं उतरली. तो मालक पुढे दर आठवड्याला सरांना पिशवीभर भाजी आणून द्यायचा. भाजी ताजी आहे का असं सरांनी त्याला एकदाही विचारलं नाही.

सरांना एकच मुलगी. वारज्याला नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायची, तीही हिंजवडीतच नोकरीला. दर रविवारी ती दुचाकीवरून यायची. मी तिला ताई म्हणायचो. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि ताईचा एकच धोशा होता, बाबांनी आता माझ्याकडे यावं. सर दरवेळी एकच उत्तर देत. "तुझ्याकडे बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला सोसायटीची परवानगी लागते. माझ्या बरण्या कुठे ठेवशील?" ते गमतीने बोलत, पण त्यांना ते घर सोडायचं नव्हतं. हे मला दिसत होतं. काकूंचा फोटो, बाल्कनी आणि पानवाला एवढ्या परिघात त्यांचा जीव होता.

ताईनेच मला नवव्या इयत्तेची गोष्ट सांगितली. वर्गशिक्षक स्वतःचेच वडील, प्रात्यक्षिक परीक्षा, समोर तीन नळ्या. ताईच्या वाट्याला रिकामी नळी आली. वास येईना, पण रिकामी नळी परीक्षेत कोण कशाला ठेवेल, या भीतीने तिने लिहिलं, कुजक्या अंड्यांसारखा वास. सरांनी शून्य दिलं. आठ दिवस ती बापाशी बोलली नाही. काकू मध्ये पडल्या तेव्हा सर म्हणाले होते, "तिला रडायचं तेवढं रडू दे. पण जे आलंच नाही ते लिहायचं नाही."

"अजून राग आहे?" मी विचारलं.

"राग नाही रे. पण अजून घरात कसला वास आला की मी दोनदा विचार करते, खरंच येतोय की मला वाटतंय," ती म्हणाली.

आता माझ्या नाकाबद्दल. मला एक शिंक आली की सर हातातलं काम टाकून येत. गवती चहाचा काढा, ओव्याची पुरचुंडी, डोक्यावर पंचा टाकून वाफ. बसमधल्या थंड हवेने मला सर्दी होते म्हणून त्यांनी माझ्यासाठी कानटोपी आणली आणि ती घातल्याशिवाय दाराबाहेर सोडत नसत. ऐन मे महिन्यात कानटोपी घालून मी कंपनीच्या बसची वाट बघायचो आणि सगळी बस माझी वाट बघायची. पण मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. घरापासून इतक्या लांब कुणीतरी आईसारखं करतंय, या विचाराने एकदा तर वाफ घेतानाच मला भरून आलं. पंच्याखाली होतो म्हणून बरं.

एक विचित्र सवय मात्र मला कळत नसे. रोज सकाळी देवपूजा झाली की सर साबणाचं पाणी घेऊन स्वयंपाकघरात जात आणि सिलिंडरच्या रेग्युलेटरला, नळीला, शेगडीच्या बटणांना फडक्याने ते पाणी लावत. बुडबुडे येतात का बघत. देवाला अंघोळ आणि सिलिंडरला अंघोळ, एकापाठोपाठ. मी विचारलं तर म्हणाले, "या गॅसला मुळात वास नसतो. तो नंतर मिसळतात. ज्यांना नाक आहे त्यांच्यासाठी."

एका शनिवारी सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि विसरून अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर दूध ऊतू जाऊन ज्योत विझलेली, शेगडीतून नुसता गॅस सुटलेला आणि घरभर असा वास की दारातच डोकं गरगरलं. सर तिथून पाच पावलांवर टेबलापाशी बसले होते, अगदी शांत. त्यांच्या एका हातात उदबत्ती होती. दुसऱ्या हातात काडी होती आणि ती ते काडेपेटीवर टेकवत होते.

मी कसा ओरडलो ते मला आठवत नाही. काडी त्यांच्या हातातून मी हिसकावली, बटण बंद केलं, खिडक्या, दारं, सगळं उघडलं. मग मी जमिनीवरच बसलो.

"वास येतोय?" सरांनी विचारलं. हळू आवाजात.

"सर, तुम्हाला येत नाहीये?"

सरांनी उदबत्ती टेबलावर ठेवली. मग कोटाच्या टोकाने ते चष्मा पुसू लागले. "पाच वर्षं झाली. पोरांना जन्मभर सांगितलं, नळी नाकाला लावू नका. स्वतः मात्र लावत आलो, घाई असायची. शाळा सुटायच्या सुमारास एक दिवस लक्षात आलं, काहीच येत नाही. अमोनिया तेवढा कळतो, तो डोळ्यांना झोंबतो. बाकी सगळं गेलं." ते काकूंच्या फोटोकडे बघत होते. "ही होती तोवर घरात एक नाक होतं. अहो, काहीतरी जळतंय, म्हणायची. की मी उठायचो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिठ्ठी, नळ्या, काढा, कानटोपी, सगळं. "म्हणजे सर, तुम्ही खोली मला दिली नाहीत. माझ्या नाकाला दिलीत."

"नाकालाच," ते म्हणाले. "उरलेले तुम्ही बरोबर आलात. पण तुमचा तसा फारसा त्रास नाही."

मला हसू आलं आणि राग पण आला. चूक माझीही होती, दूध मीच विसरलो होतो. पण ज्या घरात आपण झोपतो तिथे आपणच धोक्याची घंटा आहोत, हे आधी सांगायला नको? तेवढ्यात ते म्हणाले, "ताईला सांगू नका. तिला कळलं की ती मला नेईल. नेलं तर मी तिथे जगेन, त्यात शंका नाही. पण नुसताच." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी कबूल केलं, आणि ते माझं चुकलं हे मला तेव्हाही कळत होतं.

ताईला संशय आला तो कढीवरून. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा सर दोन दिवसांची कढी भातावर घेऊन जेवत होते. मी नुकताच गावाहून आलो होतो, बॅगही खाली ठेवली नव्हती. ताईने पातेल्याचं झाकण उघडलं आणि नाकाला ओढणी लावली.

"बाबा, ही आंबलीय."

"कढी आंबटच असते."

 पातेलं ताईने मोरीत ओतलं, हात धुतले आणि बापासमोर खुर्ची ओढून बसली. "पुढच्या रविवारी मी परीक्षा घेणार. तीन नळ्या. तुमच्याच पद्धतीने, फक्त वासावर, काडी नाही की लिटमस नाही. ओळखलंत तर वारज्याचा विषय मी कधी काढणार नाही. नाही ओळखलंत तर बॅग भरायची."

तो आठवडा मी विसरणार नाही. कॉपीची कल्पना माझीच. मी टेबलाच्या बाजूला उभा राहणार. नालीचा वास आला की एकदा खोकणार, काहीच नसेल तर गप्प. अमोनिया सरांचे डोळे बघून घेणार. सर आधी नाहीच म्हणाले. शाळेत कॉपी पकडली की ते पोराला वर्गाबाहेर काढत, आणि बाहेर गेल्यावर त्याच्या उत्तराला किती गुण पडले असते तेही सांगत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाल्कनीतल्या बरण्या पुसता पुसता म्हणाले, "एकदाच, अकोला. फक्त एकदा."

मग तालमी सुरू झाल्या. सरांना वास घेण्याचा अभिनयच जमेना. कधी ते अत्तरवाल्यासारखे डोळे मिटून डोलायचे, कधी नळीकडे अशा रागाने बघायचे की जणू तिने गृहपाठ केला नाही. "सर, साधा चेहरा ठेवा," मी सांगायचो. "पाच वर्षांत साधा चेहरा कसा असतो ते विसरलो," ते म्हणायचे. मी इतकं खोकून दाखवलं की शुक्रवारी सेक्रेटरींनी विचारलं, तुमच्या भाडेकरूला कसली लागण तर नाही ना.

रविवार उजाडला. ताईने बाल्कनीचं दार लावून स्वतः नळ्या भरल्या. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बापाचाच परीक्षेच्या दिवसाचा चेहरा होता. नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या, वही उघडली.

"नळी क्रमांक एक."

सरांनी वारा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. "अमोनिया."

"बरोबर. नळी क्रमांक दोन."

मी नाक पुढे केलं. काही नव्हतं. मी गप्प राहिलो. सर म्हणाले, "काहीच नाही."

"बरोबर. नळी क्रमांक तीन."

बूच निघालं आणि आमच्या घरामागची अख्खी नाली त्या खोलीत आली. मी ठरल्याप्रमाणे खोकलो. सर नळीवर वाकलेले. काही बोलेनात. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा खोकलो, जरा मोठ्याने. ताई खाली वहीत बघत होती. मी तिसऱ्यांदा खोकलो.

सरांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग काकूंच्या फोटोकडे. "अकोला," ते म्हणाले, "खोकला येत असेल तर बाहेर जाऊन उभे राहा. इथे परीक्षा चालू आहे."

मी दारापर्यंत गेलो. बाहेर जाववेना, उंबऱ्यातच थांबलो.

"नळी क्रमांक तीन," सर स्पष्ट आवाजात म्हणाले. "निरीक्षण, काहीच नाही. दोनमध्येही काही नाही आणि तीनमध्येही काही नाही. पण तू दोन नळ्या रिकाम्या ठेवणारी नाहीस, आणि तुझ्या कपाळावर आठी पडलीय. अनुमान," ते थांबले, "परीक्षार्थीचं नाक गेलेलं आहे. लिही."

ताईने लिहिलं नाही. ती उठली, खिडकी उघडली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. नळीभर हायड्रोजन सल्फाइडने कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, एवढं रसायनशास्त्र त्या घरात राहून मलाही आलं होतं.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "आईने जायच्या आधी सांगितलं होतं. म्हणाली होती, ते सांगतील तेव्हा सांगतील, तू विचारू नकोस. दीड वर्ष वाट बघितली मी. मग कढी बघितली आणि घाबरले."

"माहीत होतं तर परीक्षा कशाची घेतलीस?"

"आज तिसरी नळी ओळखली असतीत ना, तर आत्ता हाताला धरून घेऊन गेले असते. नाक नसलेल्या माणसाची मला भीती नाही. ते लपवणाऱ्याची आहे."

"पण तू तर म्हणाली होतीस, ओळखली तर विषय बंद."

"तुम्ही तरी नववीत मला कुठे सांगितलं होतंत, की नळी रिकामी आहे?"

 सरांनी वही स्वतःकडे ओढली आणि त्या दिवसाच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं, परीक्षक उत्तीर्ण. त्याखाली लिहिलं, अकोला, नक्कल पुरवण्याचा प्रयत्न, दहापैकी शून्य. नाक, दहापैकी दहा.

सर त्याच घरात राहिले. गेलं ते सिलिंडर. ताईने त्याच दुपारी रेग्युलेटर काढला, विजेची शेगडी आणली आणि दर रविवारी फ्रीज तपासण्याचा हक्क लिहून घेतला. सकाळची एक अंघोळ कमी झाल्याने सरांना काही दिवस चुकल्यासारखं व्हायचं.

आणि त्या आठवड्यात दारावर पाटी लागली. त्याच सुबक अक्षरात. "आत राहणाऱ्यास वास येत नाही. आपणांस काही जळाल्याचा अथवा अन्य वास आल्यास बेल वाजवावी. न आल्यास वाजवू नये." पाच वर्षं जी गोष्ट त्यांनी सख्ख्या मुलीपासून लपवली ती आता दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झाली. पाटीचा शेवटचा भाग मात्र कुणीच पाळला नाही. जिन्यातून जाणारी पोरं बेल वाजवून ओरडायची, "सर, काहीच नाही!" पानवाला दुकान उघडायच्या आधी चक्कर मारून जायचा. विहिरीवाला भाजी ठेवताना म्हणायचा, "काय वास न्हाय बरं का, सर." सर आतून सगळ्यांवर ओरडत आणि सगळ्यांची वहीत नोंद करत.

पुढे कंपनीने मला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं. परत आल्यावर पहिल्याच रविवारी कोथरूडला गेलो. पाटी तिथेच होती, अक्षरं थोडी उडालेली. मी दारासमोर उभा राहून नळी नसतानाही सवयीने हाताने वारा घेतला. वरच्या मजल्यावरची फोडणी, जिन्यातलं फिनेल, बाकी काही नाही. बेल वाजवली.

"काय येतंय?" आतून आवाज आला.

"काहीच नाही, सर."

"मग पाटी वाचता येत नाही का, अकोला?" सर ओरडले, पण तोवर त्यांनी कडी काढलेली होती.